दाखल व्हायची वेळ येण्याआधीच्या उपचारांना विमा कसा मिळवायचा: मानसिक आजार असलेल्या घरांसाठी

माझ्या धाकट्या भावाला द्विध्रुवी आजार आहे. डॉक्टर बायपोलर म्हणतात, आई अजूनही ‘त्याचं ते’ म्हणते. लिथियम हे त्यावरचं औषध चालू असलं की तो उत्तम असतो, नोकरी करतो, भाचीचा अभ्यास घेतो. पण लिथियम म्हणजे नुसती गोळी नव्हे. रक्तातली त्याची पातळी ठरावीक काळाने तपासावी लागते, थायरॉइड आणि मूत्रपिंडाच्या तपासण्या कराव्या लागतात, डॉक्टरांना दाखवावं लागतं. हा सगळा खर्च खिशातून. तीन वर्षांपूर्वी त्याने कुणालाही न सांगता आधी तपासण्या बंद केल्या, मग गोळ्या. ‘माझ्यावर किती खर्च करणार’ हे त्याचं कारण. चौथ्या महिन्यात तो सलग पाच रात्री झोपला नाही, सहाव्या दिवशी आम्ही त्याला दाखल केलं. सतरा दिवसांचं बिल झालं.

म्हणजे आमची पॉलिसी खाटेचे पैसे द्यायला तयार होती, पण खाटेवर जायची वेळ येऊ नये म्हणून जे लागतं त्याचे नाही. त्यात पहिल्या फटक्यात खाटेचेही दिले नाहीत, ती गोष्ट पुढे येईल. त्यानंतर दीड वर्ष मी पॉलिसीची पानं, टीपीएची (विमा कंपनीच्या वतीने क्लेम हाताळणाऱ्या मध्यस्थ संस्थेची) पत्रं आणि विमा लोकपालाचे नियम वाचण्यात घालवलं. तुमचं दीड वर्ष वाचावं म्हणून हे लिहिते आहे. मी वकील नाही, विमा एजंटही नाही.

एक गोष्ट सगळ्यांत आधी. घरात आत्ता, या क्षणी कुणाची अवस्था बिकट असेल, जिवाचं बरंवाईट करून घेण्याचं बोलणं चालू असेल, तर हा लेख बाजूला ठेवा. माणसाला एकटं सोडू नका, जवळच्या रुग्णालयात न्या, किंवा टेलिमानसच्या १४४१६ या क्रमांकावर फोन करा. ही सरकारी सेवा मोफत आहे, चोवीस तास चालते आणि मराठीत बोलता येतं. विम्याचं नंतर बघता येतं.

## १. कायदा काय म्हणतो तेवढं पाठ करा

मानसिक आरोग्यसेवा कायदा २०१७ साली झाला आणि २९ मे २०१८ पासून लागू आहे. त्याचं कलम २१, पोटकलम ४ तुमच्या कामाचं. त्याचा अर्थ असा: प्रत्येक विमा कंपनीने मानसिक आजाराच्या उपचारांसाठी वैद्यकीय विम्याची सोय शारीरिक आजारांना ज्या पायावर असते त्याच पायावर केली पाहिजे.

विमा नियामक आयआरडीएआयने १६ ऑगस्ट २०१८ रोजी कंपन्यांना या कलमाचं पालन करायला सांगितलं. तरी कंपन्या रेंगाळत राहिल्या. जून २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने याच विषयावरच्या जनहित याचिकेत नोटीस काढली. एप्रिल २०२१ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने स्किझोअफेक्टिव्ह आजार असलेल्या एका महिलेच्या बाजूने निकाल दिला: कायदा लागू झाल्यावर मानसिक आजार आहे म्हणून क्लेम नाकारता येत नाही. शेवटी ऑक्टोबर २०२२ मध्ये नियामकाने मुदतच घातली, की ३१ ऑक्टोबर २०२२ पर्यंत सगळ्या आरोग्य विमा पॉलिसींत मानसिक आजाराचं संरक्षण असलंच पाहिजे.

म्हणून ‘आमच्या पॉलिसीत सायकियाट्रिक बसत नाही’ असं कुणी फोनवर म्हणालं, तर ‘हे मला लेखी द्या’ एवढंच म्हणा. बहुतेकदा ते लेखी येत नाही.

आता कायद्याची मर्यादाही समजून घ्या, कारण इथेच लोकांची निराशा होते. कायदा ‘त्याच पायावर’ म्हणतो. तुमच्या पॉलिसीत मधुमेहाच्या रुग्णालाही ओपीडीचे, म्हणजे दाखल न होता घेतलेल्या उपचारांचे, पैसे मिळत नसतील, तर नैराश्याच्या रुग्णाला ते या कलमाखाली मागता येणार नाहीत. पण पॉलिसीत ओपीडी आहे, हाडांच्या डॉक्टरची फी मिळते आणि मानसोपचारतज्ज्ञाची मात्र वगळली आहे, असं असेल तर तिथे भांडायला भक्कम जागा आहे. मला विचाराल तर कायद्याने इथे अर्धंच काम केलं. ज्या आजारांत दर महिन्याचा डॉक्टर हाच मुख्य उपचार असतो, तिथे खाटेपुरती समानता म्हणजे कागदावरची समानता. पण आज हातात आहे ते एवढं आहे आणि त्यातून बरंच काढता येतं.

## २. पॉलिसी नीट वाचा, म्हणजे नक्की काय वाचायचं

चाळीस पानं कुणीच वाचत नाही. पॉलिसीसोबत ग्राहक माहिती पत्रक येतं, ते आधी काढा. मागितलं तर ते मराठीतही द्यावं लागतं. आम्हाला एजंटने ‘इंग्रजीच असतं’ म्हणून सांगितलं होतं. कंपनीला ईमेल केल्यावर मराठी प्रत आली.

त्यात हे शोधा:

- ओपीडी आहे का? असल्यास वर्षाला किती रुपये, आणि डॉक्टरची फी, औषधं, तपासण्या यांपैकी नेमकं काय धरलं आहे?
- दाखल होण्याआधीचा आणि डिस्चार्जनंतरचा खर्च किती दिवसांचा मिळतो? सर्वसाधारणपणे आधीचे ३० आणि नंतरचे ६० दिवस असतात. काही पॉलिसींत यापेक्षा जास्त.
- मानसिक आजारासाठी वेगळी रकमेची मर्यादा किंवा वेगळा वेटिंग पीरियड (क्लेम मिळू लागण्याआधीचा थांबायचा काळ) आहे का? असल्यास त्याखाली पेन्सिलने रेघ मारा. शारीरिक आजारांना नसलेली अट फक्त इथे लावली असेल, तर माझ्या वाचनाप्रमाणे ती कलम २१(४) शी जुळत नाही आणि तक्रारीत ती मांडता येते.
- आधीपासूनच्या आजाराचा वेटिंग पीरियड किती? नव्या नियमांप्रमाणे तो तीन वर्षांहून जास्त असू शकत नाही.

नंतर वगळलेल्या गोष्टींची यादी. तिथे प्रत्येक कलमाला क्रमांक असतो. आपल्या विषयात तीन क्रमांक वारंवार अंगावर येतात. चौथा म्हणजे ‘फक्त तपासणी आणि निरीक्षणासाठी दाखल’. पाचवा म्हणजे ‘विश्रांती, पुनर्वसन आणि देखभाल’. बारावा म्हणजे दारू किंवा अमली पदार्थांच्या व्यसनाचे उपचार. हे तिन्ही लक्षात ठेवा, पुढे डिस्चार्ज समरीच्या (घरी सोडताना रुग्णालय देतं त्या उपचारांच्या सारांशाच्या) वेळी लागतील.

पॉलिसी नवीन असेल आणि वाचल्यावर पटली नाही, तर ती मिळाल्यापासून ३० दिवसांत परत करता येते.

## ३. नवी पॉलिसी घेताना आजार लपवू नका

माझ्या मते सगळ्यांत जास्त नुकसान इथे होतं, आणि ते आपणच आपलं करतो. एजंट म्हणतो, ‘मॅडम, झोपेच्या गोळ्यांचं कशाला लिहिता, उगाच हप्ता वाढेल.’ त्याचं कमिशन त्या दिवशी मिळतं. आपला क्लेम तीन वर्षांनी येतो, आणि तेव्हा रुग्णालयाच्या केस पेपरवर पहिलीच ओळ असते: ‘रुग्ण गेली सहा वर्षं उपचार घेत आहे.’ झालं. माहिती दडवली म्हणून क्लेमही जातो आणि पॉलिसीही रद्द होऊ शकते.

फॉर्ममध्ये जे विचारलं आहे त्याचं खरं उत्तर द्या. निदान, कधीपासून, कुठली औषधं, कधी दाखल केलं होतं का. ‘कधी काळी’ असा प्रश्न असेल तर कॉलेजात असताना सहा महिने घेतलेल्या गोळ्याही लिहा. फॉर्म एजंट भरत असेल तर सही करण्याआधी प्रत्येक ‘नाही’ वाचा, आणि भरलेल्या फॉर्मची प्रत स्वतःकडे ठेवा. आमच्या फॉर्मवर एजंटने सरसकट ‘नाही’वर खुणा केलेल्या होत्या. मी तो परत भरायला लावला तर स्वारी दोन दिवस फोन उचलेना.

नियमांत ‘आधीपासूनचा आजार’ म्हणजे पॉलिसी सुरू होण्याआधीच्या ३६ महिन्यांत ज्याचं निदान झालं किंवा ज्यावर उपचार घेतले असा आजार. सलग ६० महिने पॉलिसी चालू राहिली की त्यानंतर कंपनीला जुनी माहिती उकरून क्लेम नाकारता येत नाही; फसवणूक सिद्ध झाली तरच नाकारता येतो. म्हणून पॉलिसीत खंड पडू देऊ नका. कंपनी बदलायचीच असेल तर पोर्टिंग करा, म्हणजे चालू पॉलिसीच दुसऱ्या कंपनीकडे न्या, त्याने काढलेला वेटिंग पीरियड सोबत येतो. त्यासाठी नूतनीकरणाच्या तारखेच्या दोन महिने आधी तयारीला लागा.

आणि कंपनीने पॉलिसी द्यायलाच नकार दिला तर? कारण लेखी मागा. मानसिक आजार असलेल्यांच्या बाबतीत आपलं धोरण काय आहे हे कंपन्यांना आपल्या संकेतस्थळावर जाहीर करावं लागतं, आणि २०२३ मध्ये नियामकाने अपंग, एचआयव्हीबाधित आणि मानसिक आजार असलेल्यांसाठी पॉलिसी ठेवणं बंधनकारक केलं आहे. नकाराच्या पत्रावर उत्तर देताना या दोन्ही गोष्टींचा उल्लेख करा.

एक गैरसमज इथेच दूर करते. केंद्र सरकारच्या निरामय या आरोग्य विमा योजनेत ओपीडीचा खर्च मिळतो म्हणून अनेक जण तिकडे धावतात. ती स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगतेसाठी आहे. स्किझोफ्रेनिया किंवा बायपोलर त्यात येत नाही. आम्ही अर्ज भरेपर्यंत पोचलो होतो.

## ४. संकटाआधीच्या उपचारांचा खर्च कुठून कुठून मिळू शकतो

हा या लेखाचा गाभा. एकाच पॉलिसीतून सगळं मिळत नाही, तुकडे जोडावे लागतात.

ओपीडीचा रायडर. मूळ पॉलिसीला जोडून घेता येतो किंवा काही पॉलिसींत आतच असतो. घेण्याआधी साधं गणित करा. रायडरचा जादा हप्ता ३,८०० रुपये आणि वर्षाची मर्यादा ५,००० असेल, तर तुम्हाला १,२०० रुपयांचा फायदा होण्यासाठी वर्षभर बिलं जमवायची आहेत. त्यापेक्षा मर्यादा १५-२० हजारांच्या घरात असेल आणि तपासण्या, औषधं दोन्ही त्यात असतील, तर विचार करण्यासारखं. विकत घेण्याआधी कंपनीला ईमेलवर तीन प्रश्न विचारा: मानसोपचारतज्ज्ञाची फी यात आहे का? नैदानिक मानसशास्त्रज्ञाकडची (क्लिनिकल सायकॉलॉजिस्टकडची) थेरपी आहे का? डॉक्टर आमच्या पसंतीचा चालेल, की फक्त तुमच्या ॲपवरचा? तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर बहुतेक जण विचारत नाहीत आणि नंतर पस्तावतात. दहा वर्षं ओळखणारा डॉक्टर सोडून व्हिडिओवरच्या नव्या डॉक्टरकडे जा, हे बायपोलरच्या रुग्णाला सांगणं सोपं नाही.

नोकरीतली सामूहिक पॉलिसी. बऱ्याच कंपन्यांच्या सामूहिक पॉलिसीत आधीपासूनच्या आजाराचा वेटिंग पीरियड नसतो. ओपीडीही कधी कधी असते. शिवाय अनेक ठिकाणी कर्मचाऱ्यांसाठी मोफत समुपदेशनाची ठरावीक सत्रं असतात आणि ती वापरली न जाता वर्ष संपतं. भीती एकच असते, ऑफिसात कळेल. कागद एचआरच्या टेबलावर न देता टीपीएच्या पोर्टलवर थेट टाकता येतात का, हे आधी विचारा, आजाराचं नाव न घेताही विचारता येतं. कायद्याच्या कलम २३ नुसार मानसिक आजाराची माहिती गोपनीय ठेवणं उपचार करणाऱ्यांवर बंधनकारक आहे. पण ऑफिसात झेरॉक्स मशीनवर विसरलेल्या कागदाला कलम माहीत नसतं, म्हणून काळजी आपणच घ्यायची. नोकरी सुटली की ही पॉलिसी संपते, त्यामुळे स्वतःची वेगळी पॉलिसी असूच द्या.

ईएसआय, म्हणजे कर्मचारी राज्य विमा. महिन्याचा पगार २१,००० पर्यंत असलेल्या आणि ईएसआय कापला जाणाऱ्या कामगारासाठी यासारखं काही नाही. तिथे ओपीडी, औषधं, दाखल होणं, सगळं त्यातच, आणि अवलंबून असलेल्या कुटुंबीयांनाही. दीर्घ आजारांच्या यादीत स्किझोफ्रेनियासारखे मानसिक आजार आहेत. वर्गणीच्या अटी पूर्ण असतील तर कामगाराला वेतनाच्या ८० टक्के दराने दोन वर्षांपर्यंत आजारपणाचा वाढीव लाभ मिळू शकतो. दवाखान्यात गर्दी असते, औषधाचा ब्रँड बदलतो, हे खरं. तरी आमच्या शेजारच्या काकूंचा मुलगा केवळ यावर सात वर्षं टिकून आहे.

डिस्चार्जनंतरचे दिवस. हा खर्च बहुतेक घरं मागतच नाहीत. आधी एकदा दाखल व्हावं लागलं असेल, तर डिस्चार्जनंतरच्या ६० किंवा ९० दिवसांतला त्याच आजाराचा खर्च, म्हणजे फॉलो-अपची फी, गोळ्या, रक्ताच्या तपासण्या, पॉलिसीच्या अटींप्रमाणे मिळतो. हा काळ नाजूक असतो. बरं वाटायला लागतं आणि गोळ्या सुटतात त्या याच दिवसांत. आम्ही दुसऱ्या वेळी डिस्चार्जच्या दिवशीच डॉक्टरांकडून पुढच्या सगळ्या भेटींच्या तारखा आणि तपासण्या समरीवर लिहून घेतल्या. मग त्या प्रत्येक बिलाला आधार मिळाला. ही बिलं मुख्य क्लेमनंतर वेगळी पाठवायची असतात, त्यासाठी मुदत असते. ती पॉलिसीत बघा आणि कॅलेंडरवर गोल करा.

वेळीच, स्वतःहून दाखल होणं. हे सांगायला मला जरा अवघड जातं, कारण कुणालाच दाखल व्हायचं नसतं. पण पाच रात्री जागून, घरात तोडफोड झाल्यावर सतरा दिवस दाखल होणं आणि दुसऱ्या जागरणानंतर स्वतःच्या पायाने जाऊन पाच दिवसांत औषधं बसवून येणं, यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. कायद्याच्या कलम ८६ खाली माणूस स्वतःच्या इच्छेने दाखल होऊ शकतो आणि स्वतःच्या इच्छेने घरीही जाऊ शकतो. विमा कंपनी मात्र इथे विचारते की हे ओपीडीत भागलं नसतं का. त्याचं उत्तर डॉक्टरांच्या कागदावर असावं लागतं. ते कसं, हे सहाव्या पायरीत.

विमा नाहीच, तर. जिल्हा रुग्णालयांत जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाखाली ओपीडी आणि औषधं मिळतात. महात्मा फुले जन आरोग्य आणि आयुष्मान भारत या योजना मुळात दाखल होण्याच्या उपचारांसाठी आहेत. जवळच्या रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला (या योजनांच्या मदतनिसाला) मानसिक आजाराचं पॅकेज तिथे चालतं का ते आधीच विचारून ठेवा.

## ५. फाइल बनवा, आजच

प्लास्टिकची एक फाइल आणि मोबाइलमध्ये तिचे फोटो. तिच्यात हे:

- पॉलिसी, ग्राहक माहिती पत्रक, भरलेल्या फॉर्मची प्रत, दर वर्षीच्या हप्त्यांच्या पावत्या
- रुग्णाचं आणि पॉलिसीधारकाचं ओळखपत्र, आरोग्य विम्याचं कार्ड, रद्द केलेला धनादेश
- डॉक्टरांची सगळी प्रिस्क्रिप्शन्स तारखेप्रमाणे, त्यावर निदान आणि डॉक्टरांचा नोंदणी क्रमांक
- तपासण्यांचे अहवाल आणि त्या तपासण्या लिहून देणारी चिठ्ठी, दोन्ही
- औषधांची जीएसटी क्रमांक असलेली बिलं. दुकानदाराची चिठोरी चालत नाही
- थेरपीची बिलं. त्यावर नैदानिक मानसशास्त्रज्ञाचा भारतीय पुनर्वसन परिषदेचा नोंदणी क्रमांक हवा, आणि मानसोपचारतज्ज्ञाने थेरपीसाठी पाठवल्याची चिठ्ठी

शेवटच्या मुद्द्यावर आमचे सगळे पैसे बुडाले. भाऊ ज्या समुपदेशकाकडे जात होता ते माणूस म्हणून फार चांगले, पण नोंदणी नाही. दहा सत्रांची बिलं, एक रुपया मिळाला नाही. नोंदणी आहे का हे पहिल्या सत्राआधी विचारा, त्यात वाईट वाटण्यासारखं काही नाही.

जुने कागद हरवले असतील तर रुग्णालयाकडे मागा. आपले वैद्यकीय कागद मिळवणं हा रुग्णाचा हक्क आहे, कलम २५.

## ६. दाखल करायची वेळ आलीच, तर पहिल्या दिवशी काय बघायचं

रुग्णालयाची नोंदणी. दोन गोष्टी विचारा: नर्सिंग होम म्हणून नोंदणी आहे का, आणि राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरणाकडे मानसिक आरोग्य आस्थापना म्हणून आहे का. अनेक पुनर्वसन केंद्रं आणि व्यसनमुक्ती केंद्रं विम्याच्या ‘रुग्णालय’ या व्याख्येत बसत नाहीत. तिथे महिनाभर ठेवून नंतर क्लेम टाकला तर हाती नकारच येतो.

कॅशलेस असेल, म्हणजे बिल कंपनी थेट रुग्णालयाला देणार असेल, तर टीपीएला लगेच कळवा. नव्या नियमांप्रमाणे कॅशलेसच्या विनंतीवर एका तासात आणि डिस्चार्जच्या वेळी अंतिम मंजुरीवर तीन तासांत निर्णय अपेक्षित आहे. कॅशलेस नसेल तरी कंपनीला दाखल झाल्याचं पॉलिसीतल्या मुदतीत ईमेलने कळवा. फोन केला असेल तर संदर्भ क्रमांक लिहून घ्या.

आता डिस्चार्ज समरी. आमचा पहिला क्लेम ज्या शब्दावर गेला तो शब्द होता ‘निरीक्षणासाठी’. ड्यूटीवरच्या तरुण डॉक्टरने दाखल करताना सवयीने लिहिलेला. सतरा दिवस इंजेक्शनं चालली, लिथियम पुन्हा सुरू झालं, दोनदा पातळी तपासली, पण कंपनीच्या पत्रात तो एकच शब्द अवतरणात होता आणि पुढे वगळण्याचं चौथं कलम.

समरीची कच्ची प्रत डिस्चार्जच्या आधी मागून वाचा. डॉक्टरांना खोटं काही लिहायला सांगायचं नाही, जे घडलं ते पूर्ण लिहायला सांगायचं. निदान स्पष्ट हवं, नुसतं ‘ताण’ किंवा ‘वर्तणुकीचा त्रास’ नको. दाखल का केलं ते हवं: किती रात्री झोप नव्हती, खाणंपिणं कसं होतं, स्वतःला किंवा इतरांना धोका होता का, ओपीडीत उपचार का शक्य नव्हते. दाखल असताना कुठली औषधं सुरू झाली, डोस कसे बदलले, कुठल्या तपासण्या झाल्या, हेही हवं. रुग्ण आधीपासून दारू पीत असेल तर तेही खरंखरं येणारच. पण उपचार कशाचे झाले, मूळ मनोविकाराचे की व्यसनाचे, हे डॉक्टरांनी वेगळं करून लिहावं. नाहीतर बाराव्या कलमाखाली सगळंच वाहून जातं.

## ७. नकार आला तर

पहिलं काम, नकार लेखी घ्या आणि त्यात पॉलिसीचं कुठलं कलम लावलं आहे ते बघा. कलम नसेल तर तेच विचारा. क्लेम नाकारण्याआधी कंपनीच्या आढावा समितीची मंजुरी लागते. ती घेतली होती का, हेही विचारा.

मग उपचार करणाऱ्या डॉक्टरांकडून एक पानाचं स्पष्टीकरण घ्या आणि कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला पाठवा. माझ्या पत्रातला मुख्य भाग जसाच्या तसा देते, लागेल तसा बदलून वापरा:

‘रुग्णाला निरीक्षणासाठी नव्हे, तर सक्रिय उपचारांसाठी दाखल केले होते. सोबत जोडलेल्या डॉक्टरांच्या स्पष्टीकरणात आणि औषधोपचाराच्या तक्त्यात ते दिसते. अशीच स्थिती शारीरिक आजारात असती, तर औषधे पुन्हा सुरू करण्यासाठी व डोस ठरवण्यासाठी दाखल होणे आपण उपचार मानले असते. मानसिक आरोग्यसेवा कायदा २०१७, कलम २१(४) नुसार मानसिक आजाराला हाच निकष लावणे आपणांस बंधनकारक आहे. कृपया क्लेमचा फेरविचार करून लेखी, सकारण उत्तर द्यावे.’

आमचं काम या पत्रावर झालं. नर्सिंगच्या नोंदींची प्रत जोडली होती, मला वाटतं पत्रापेक्षा तिनेच काम केलं.

झालं नसतं तर पुढची वाट अशी. नियामकाच्या ‘बीमा भरोसा’ पोर्टलवर किंवा १५५२५५ या क्रमांकावर तक्रार. ती कंपनीकडेच जाते, पण नोंद राहते. कंपनीने महिनाभरात उत्तर दिलं नाही किंवा दिलेलं पटलं नाही, तर विमा लोकपाल. महाराष्ट्रात मुंबई, ठाणे आणि पुण्याला कार्यालयं आहेत, गोव्याच्या तक्रारी मुंबईकडे जातात. तुमचा जिल्हा कुठल्या कार्यालयाकडे येतो ते लोकपाल परिषदेच्या संकेतस्थळावर बघा. तक्रार ऑनलाइनही करता येते. फी नाही, वकील लागत नाही, चालतही नाही. ५० लाखांपर्यंतचे दावे येतात आणि सामूहिक पॉलिसीतल्या सदस्यालाही जाता येतं. कंपनीच्या अंतिम नकारापासून एक वर्षाच्या आत जायचं, ही तारीख चुकवू नका. लोकपालाचा निवाडा कंपनीवर बंधनकारक असतो. तुम्हाला पटला नाही तर ग्राहक आयोग मोकळा आहे, मात्र तिथे दोन वर्षांची मुदत कारण घडल्या दिवसापासून मोजतात. ग्राहक आयोगात आधी गेलात तर त्याच प्रकरणासाठी लोकपालाचं दार बंद होतं, म्हणून क्रम हाच ठेवा.

ओपीडीच्या छोट्या बिलांसाठी एवढं कोण करतो, असं वाटेल. मलाही वाटलं होतं. आमच्या रायडरमध्ये लिथियमच्या पातळीची तपासणी ‘नियमित तपासणी’ म्हणून नाकारली, रक्कम होती साडेसातशे रुपये. मी डॉक्टरांकडून एक ओळ लिहून घेतली, की ही तपासणी औषधाचा डोस सुरक्षित ठेवण्यासाठी आवश्यक आहे, आणि पुन्हा पाठवली. पैसे आले. ती ओळ आता डॉक्टर प्रत्येक चिठ्ठीवर आपणहून लिहितात. भाऊ बिल आणि चिठ्ठी हातात पडल्या पडल्या मोबाइलमध्ये फोटो काढतो आणि ॲपवर स्वतः टाकतो. पुढची तपासणी येत्या १४ तारखेला आहे.